दाढेतली न सापडलेली नळी

रूट कॅनाल होऊन वर्ष उलटलं, वर टोपीही बसली, तरी गरम चहाचा घोट त्या बाजूला गेला की दाढेतून कळ निघते. ‘नस काढलेल्या दाताला कसली कळ’ असं म्हणून ही तक्रार झटकू नका. नस पूर्ण निघाली असेल तर त्या दाताला गरम-थंड कळायलाच नको. ते कळत असेल तर दुखणं शेजारच्या दाताचं असू शकतं, किंवा याच दाढेतली एखादी नळी कुणाला सापडलेली नसते आणि तिच्यातली नस अजून जिवंत असते. आधी शेजारच्या दातांची थंडाची चाचणी करून घ्यावी. ते निर्दोष निघाले, तर शंका पुन्हा या दाढेवरच घ्यावी.

जर्मनीत शिकायला, नोकरीला किंवा संसाराला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहितो आहे. इथली दंतचिकित्सा चांगली आहे. पण तिचे नियम, विम्याची अट आणि बिलाची मांडणी आपल्या सवयीची नाही. त्यामुळे खुर्चीत बसल्यावर माणूस कागदावर सही करून मोकळा होतो आणि नेमकं विचारायचं ते राहून जातं. दंतवैद्य म्हणून मला कळकळीनं सांगायचं आहे की दाढ काढायची की ठेवायची, पैसे किती लागतील, किती वेळा यावं लागेल, हे सगळे प्रश्न एका प्रश्नानंतरचे आहेत. या दातात नळ्या किती असू शकतात आणि तुम्ही त्या कशा शोधणार? तो आधी विचारा.

आत काय लपलेलं असतं

दवाखान्यातल्या तक्त्यावर नस एका सरळ नळीतून मुळाच्या टोकापर्यंत गेलेली दिसते. ते चित्र समजावण्याच्या सोयीसाठी काढलेलं असतं. झुरिकच्या वाल्टर हेस यांनी १९१७ साली आपलं संशोधन जर्मनमध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हाच ते मोडीत निघालं होतं. त्यांनी काढलेल्या सुमारे २,८०० दातांच्या पोकळीत रबर भरलं, ते कडक केलं आणि भोवतीचा दात विरघळवून टाकला. हाती आलेल्या साच्यांत फाटे होते, दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या फटी होत्या, टोकाशी फुटलेले बारीक धुमारे होते. पुढे १९८४ मध्ये व्हर्टुची यांनी २,४०० दात पारदर्शक करून या मांडणीचे आठ प्रकार पाडले. दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही ते पाठ करतात.

सगळ्यात जास्त चकवते ती वरची पहिली दाढ, सहाव्या-सातव्या वर्षी येणारी. तिला मुळं तीन, म्हणून नळ्या तीन असा हिशेब अनेक वर्षं चालला. प्रत्यक्षात गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दोन नळ्या असतात. दुसरी नळी पहिलीपासून टाळूच्या दिशेला दोनेक मिलिमीटरवर असते, केसासारखी बारीक, आणि तिच्या तोंडावर दाताच्याच कठीण भागाचा छज्जा आलेला असतो. १९९० मध्ये कुलिल्ड आणि पीटर्स यांनी वरच्या ८३ दाढा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि ही दुसरी नळी ९५.२ टक्के मुळांत दाखवून दिली. ते काढलेले दात होते. जिवंत माणसाच्या तोंडात काय होतं, याचं उत्तर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन स्ट्रॉप्को यांनी दिलं. त्यांनी आठ वर्षांत उपचार केलेल्या वरच्या १,७३२ दाढांचा हिशेब मांडला. पहिल्या दाढांत चौथी नळी सापडण्याचं एकूण प्रमाण ७३.२ टक्के होतं. पण मायक्रोस्कोप रोजच्या वापरात आला, योग्य हत्यारं आली आणि प्रत्येक रुग्णाला पुरेसा वेळ राखून ठेवला जाऊ लागला, त्या शेवटच्या काळात तेच प्रमाण ९३ टक्क्यांवर गेलं. वैद्य तोच होता आणि दाढाही त्याच प्रकारच्या होत्या. फरक शोधण्यात पडला होता. माझ्या मते रुग्णानं लक्षात ठेवावा असा याहून महत्त्वाचा आकडा या विषयात नाही.

खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं आणि तीन किंवा चार नळ्या असतात. कधी जिभेच्या बाजूला तिसरं, आखूड आणि वाकडं मूळही असतं. खालच्या दुसऱ्या दाढेत नळ्या सुट्या न राहता एकमेकींत मिसळून सी आकाराची एकच लांब फट झालेली आढळते. तिचं वर्णन १९७९ मध्ये पहिल्यांदा छापून आलं. अशी फट गोल सुईनं घासून स्वच्छ होत नाही. तिथे द्रव आणि ध्वनिकंपन यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते. वरच्या पहिल्या उपदाढेत दोन नळ्या हाच नियम समजावा. खालच्या उपदाढेत एकच नळी खाली उतरते आणि अर्ध्या वाटेत दुभंगते, ती मला सगळ्यांत अवघड वाटते. खालचे पटाशीचे दात एवढेसे, पण त्यांतही जिभेच्या बाजूला दुसरी नळी असणं मुळीच दुर्मीळ नाही.

नळी राहिली तर बिघडतं काय? १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे दात उघडे करून ठेवले. त्यांची नस मेली नाही, उलट जखमेवर नवा थर धरला. नेहमीच्या उंदरांची नस सडली आणि मुळाशी गळू झालं. नुसती उघडी पडल्यानं नस मरत नाही, जंतू मारतात. न सापडलेल्या नळीत जंतूंना अन्न मिळतं, ऊब मिळते आणि औषध पोचत नाही. बाकीच्या तीन नळ्या कितीही सुबक भरलेल्या असल्या तरी एवढ्यानं दात हातचा जाऊ शकतो.

शोध कसा घेतला जातो

पहिली पायरी एक्स-रेची. व्युर्त्सबुर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि जानेवारी १८९६ मध्ये ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओट्टो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्याच दाढांचं चित्र काढवून घेतलं. त्यासाठी ते २५ मिनिटं हालचाल न करता पडून राहिले. आज तेच चित्र क्षणात मिळतं, पण त्याची एक मर्यादा तशीच आहे. दोन नळ्या एकामागे एक असतील तर चित्रात एकच दिसते. म्हणून जाणता वैद्य एक चित्र सरळ आणि दुसरं थोडं तिरकं घेतो. तिरक्या चित्रात भरलेली नळी मुळाच्या मध्यावर न दिसता एका कडेला सरकलेली दिसली, तर दुसऱ्या कडेला रिकामी नळी असल्याचा संशय घ्यायचा. वरून ठळक दिसणारी नळी मध्येच पुसट झाली, तर तिथे ती दुभंगली असावी. तुमच्या दाढेचा एकच एक्स-रे घेतला असेल तर दुसरा तिरका घ्यावा का, असं विचारायला संकोच नको.

एवढ्यानं भागत नसेल तर त्रिमितीय चित्र. भारतात ज्याला सीबीसीटी म्हणतात, तीच तपासणी इथे डीव्हीटी या नावानं चालते. पुन्हा करायचा रूट कॅनाल, आटून बंद झालेली नळी, वाकडंतिकडं मूळ, मार लागलेला दात, अशा ठिकाणी तिचा खरा उपयोग होतो. प्रत्येक दाढेला ती लागत नाही. जर्मन कायद्यानुसार किरण वापरण्याआधी त्याची वैद्यकीय गरज ठरवणं बंधनकारक आहे, आणि डीव्हीटी काढणाऱ्याकडे त्याची स्वतंत्र पात्रता असावी लागते. छोट्या दंत-एक्स-रेची मात्रा ०.०१ मिलिसिव्हर्टच्या आतच असते. जर्मनीत निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी सरासरी २.१ मिलिसिव्हर्ट मिळतात. डीव्हीटीची मात्रा साध्या चित्रापेक्षा बरीच जास्त असते आणि ती यंत्रावर आणि टिपलेल्या भागाच्या आकारावर ठरते. म्हणून एका दाढेसाठी पूर्ण जबड्याचं चित्र नको, त्या भागापुरतं लहान चित्र घ्या, असं सांगा. दाढेवर धातूची टोपी किंवा आत खिळा असेल तर चित्रात पट्टे उमटतात आणि बारीक नळी त्यांत हरवते, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

खरा शोध मात्र दात उघडल्यावर लागतो. पोकळीचा तळ भिंतींपेक्षा गडद असतो. नळ्यांची तोंडं तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या सीमेवर, तिच्या कोपऱ्यांत असतात, आणि तळावरच्या गडद रेघा थेट त्या तोंडांशी जाऊन थांबतात. क्रास्नर आणि रँको यांनी ५०० दातांच्या पाहणीवरून २००४ मध्ये हे नियम मांडले. तळाचा नकाशा वाचता येणारा वैद्य अंदाजानं कोरत बसत नाही. छज्जा काढायला ध्वनिकंपनाची बारीक टोकं असतात. नळीचं तोंड चाचपायला टोकदार सळई असते. तळ रंगवून घेणारं निळं द्रावण असतं. सोडियम हायपोक्लोराइटचे थेंब टाकून ठेवले की ज्या ठिकाणी सडका भाग शिल्लक आहे तिथून बुडबुडे उठतात, तेही वैद्य मायक्रोस्कोपमधून पाहतो. ओबरकोखेनच्या झाइस कंपनीनं १९५३ मध्ये शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप बाजारात आणला. तो आधी कानाच्या आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियांत रुळला आणि दातांपर्यंत यायला त्याला काही दशकं लागली. आज अवघड दाढेसाठी मी तो आवश्यक मानतो. साध्या डोळ्यांनी चौथी नळी सापडते, पण नेमकी ज्या दाढेत ती फार बारीक असते तिथे सापडत नाही.

वय वाढलं, जुनं खोल भरण असलं किंवा लहानपणी दातावर आपटलं असलं, की नळी आतून आटत जाते. समोरच्या दाताच्या अशा आटलेल्या नळीसाठी एक वेगळी पद्धत निघाली आहे. डीव्हीटी आणि दातांचं त्रिमितीय स्कॅन एकत्र करून संगणकावर वाट आखायची, तिचा साचा छापायचा आणि त्यातून बर नेमक्या दिशेनं उतरवायचा. गाब्रिएल क्रास्टल आणि बाझेलच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. क्रास्टल व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाच्या दंतरक्षण विभागाचे प्रमुख आहेत. याच विद्यापीठात बर्नहार्ड हेर्मान यांनी १९२० मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडवरचा प्रबंध दिला होता. दोन भेटींच्या मध्ये तुमच्या नळीत जी पांढरी पेस्ट भरून ठेवतात ती तीच.

खुर्चीत बसल्यावर

दाताभोवती रबराचा पडदा लावला जातो का, हे पाहा. इथे त्याला कोफरडाम म्हणतात. त्यामुळे लाळेतले जंतू आत जात नाहीत, औषध घशात जात नाही आणि बारीक सुई निसटली तरी पोटात जात नाही. पडद्याशिवाय केलेला अवघड रूट कॅनाल मला मान्य नाही, मग वैद्य कितीही नामांकित असो.

बधिरीकरणाची भीती बाळगू नका. इथे सर्रास वापरलं जाणारं आर्टिकेन जर्मनीतच तयार झालं आणि १९७६ पासून वापरात आहे. तरी सुजलेल्या नसेची खालची दाढ पहिल्या इंजेक्शनला दाद देत नाही, असं होतं. दुखलं तर तिथल्या तिथे हात वर करा. आणखी इंजेक्शन देण्याच्या पद्धती आहेत. रुग्ण सोसत बसला की वैद्य उरकतं घेतो, आणि उरकतं घेतलेल्या दाढेत नळी राहते.

मोटरवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या सुयांनी काम सोपं झालं आहे. म्युनिकच्या फाउडेवे कंपनीची पुढेमागे हेलकावे घेणारी सुई तर जगभर गेली. पण सुई सापडलेल्या नळीत चालते, नळी शोधून देत नाही. म्हणून ‘आमच्याकडे लेटेस्ट मशीन आहे’ या वाक्यापेक्षा ‘या दाढेसाठी दीड तास राखून ठेवला आहे’ हे वाक्य मला जास्त आश्वासक वाटतं.

जर्मन कच्चं असेल तर दोन वाक्यं पाठ करून जा. काम सुरू होण्याआधी विचारा : ‘अर्बाइटन झी मिट कोफरडाम उंड मिक्रोस्कोप?’ आणि संपल्यावर : ‘वी फीले कनेले हाबन झी गेफुंडन?’ किती नळ्या सापडल्या, याचं उत्तर वैद्यानं आकड्यात द्यावं. वरच्या पहिल्या दाढेसाठी उत्तर ‘तीन’ असं आलं तर चौथी शोधली का, असं सभ्यपणे विचारा. काही दाढांत ती खरोखरच नसते. शोधून नाही म्हटलं असेल तर तसं सांगायला कुठल्याच चांगल्या वैद्याला राग येत नाही.

कुणाकडे जायचं आणि पैसे कोण देणार

महाराष्ट्रात रूट कॅनालसाठी एमडीएस झालेला एंडोडोंटिस्ट शोधणं सोपं असतं, कारण ती तिथे स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे. जर्मनीत ऑर्थोडोंटिक्स आणि मुखशल्य यांच्यासारखी सरकारमान्य विशेषज्ञ पदवी या शाखेला सर्वत्र मिळालेली नाही. त्यामुळे पाटीवर ‘टेटिगकाइट्सश्वेरपुंक्ट एंडोडोंटोलोगी’, म्हणजे या कामावर भर असल्याचा उल्लेख दिसतो. तेवढ्यावर विसंबू नका. या शाखेची डीजीईटी ही राष्ट्रीय संस्था आहे. तिच्याकडून प्रमाणित झालेल्या आणि ‘श्पेत्सियालिस्ट’ म्हणून मान्यता असलेल्या वैद्यांची यादी गावानुसार पाहता येते. दुसरा चांगला पर्याय विद्यापीठाच्या दंत रुग्णालयातला त्सानएरहाल्टुंग, म्हणजे दंतरक्षण विभाग. तिथे वाट पाहावी लागते, पण मायक्रोस्कोप आणि डीव्हीटी एकाच छताखाली असतात आणि सरकारी विमाही चालतो. नेहमीच्या वैद्याकडून चिठ्ठी आणि एक्स-रे घेऊन गेलात तर एक फेरी वाचते.

आता विमा. टीके, एओके यांसारख्या सरकारी क्रांकेनकासेचा नियम दाढांसाठी कडक आहे. दात वाचवण्याजोगा असला पाहिजे आणि नळी टोकापर्यंत स्वच्छ करून भरता येण्यासारखी असली पाहिजे, हे सगळ्याच दातांना लागू. दाढेसाठी शिवाय तीनपैकी एक अट पुरी व्हावी लागते. ती वाचल्यानं दातांची अखंड रांग टिकते, किंवा त्या बाजूची रांग मागून मोकळी पडणं टळतं, किंवा आधीचा चांगला ब्रिज वा कवळी उपयोगात राहते. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी तरुणपणी एखादी दाढ काढून टाकलेली असते आणि ती जागा तशीच रिकामी ठेवलेली असते. अशा फटीच्या मागची दाढ दुखू लागली की पहिली अट गळून पडते, आणि ‘हा खर्च विमा देणार नाही’ हे वाक्य कानावर येतं. त्याचा अर्थ दाढ वाचणार नाही असा नव्हे. वैद्यकीय निर्णय आणि पैशाचा निर्णय वेगवेगळे विचारून घ्या. ‘विमा देत नाही म्हणून काढा’ आणि ‘वाचत नाही म्हणून काढा’ या दोन वाक्यांची सरमिसळ झाल्यामुळे चांगल्या दाढा जातात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विमा देतो तेव्हा साधा एक्स-रे, नळ्यांची स्वच्छता आणि भराव त्यात येतात. मायक्रोस्कोप, विजेवर चालणारं लांबीमापक, ध्वनिकंपनानं धुणं, डीव्हीटी यांचे पैसे बहुधा वेगळे मागितले जातात. त्यासाठी उपचाराआधी लेखी करार लागतो, आणि विम्याबाहेरच्या खर्चाचा अंदाज लेखी देणं वैद्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी तो कागद घरी आणा. ‘मी यातलं काहीच घेतलं नाही तर विम्यात काय होईल?’ असंही विचारा. साध्या दातासाठी विम्यातला उपचार पुरेसा असतो. वरच्या दाढेसाठी, आणि पुन्हा करायच्या कामासाठी तर नक्कीच, मायक्रोस्कोपचे पैसे मी स्वतः देईन.

खाजगी बिल गे-ओ-त्सेट या सरकारी दरपत्रकावर चालतं. त्यातल्या एका गुणाची किंमत १९८८ पासून बदललेली नाही, ५.६२४२१ सेंट. नळी स्वच्छ करण्याचा क्रमांक २४१०, भरण्याचा २४४०, आणि दोन्ही प्रत्येक नळीमागे लागतात. २४१० चा दर नेहमीच्या २.३ पटीनं सुमारे ५१ युरो आणि ३.५ पटीनं सुमारे ७७ युरो होतो. मायक्रोस्कोपचा अधिभार ०११० क्रमांकाखाली २२.५० युरो. म्हणजे बिलावर २४१० समोर चार लिहिलेले असतील तर चार नळ्यांचं काम झालं आहे. बिल वाचून दाताचा नकाशा कळतो, तो असा. एंडोडोंटिस्ट अनेकदा ३.५ पटीच्या वरही लेखी करार करतात, कारण दोन तासांचं काम जुन्या दरात बसत नाही. त्यामुळे एकूण रक्कम काही शे युरोंपासून हजारापलीकडे जाऊ शकते. तुमचा विमा खाजगी असेल तर अंदाजपत्रक आधी कंपनीला पाठवून लेखी होकार घ्या, विशेषतः पट ३.५ च्या वर असेल तेव्हा. पूरक दंतविमा काढायचा विचार असेल तर दुखण्याआधी काढा. सुचवलेला किंवा सुरू झालेला उपचार त्यात सहसा धरत नाहीत. काही विमे फक्त टोपी-ब्रिजपुरते असतात, म्हणून रूट कॅनाल त्यात आहे का ते पाहा. भेटीला आलेल्या आई-वडिलांच्या प्रवासी विम्यात बहुतेक वेळा वेदना थांबवण्यापुरतेच दंतोपचार येतात. त्यांची दाढ इथे उघडून, औषध भरून बंद करायची आणि पुढचं काम घरी गेल्यावर लगेच करायचं, हाच व्यवहार्य मार्ग.

दुसऱ्यांदा करावं लागलं तर

मुळाशी काळी सावली दिसली की काही वेळा थेट मुळाचं टोक कापायची शस्त्रक्रिया सुचवली जाते. आतून नळी राहिली असेल तर नुसतं टोक कापून जंतूंचं घर तसंच राहतं. म्हणून आधी विचारा की आतून पुन्हा उघडून राहिलेली नळी शोधता येईल का? शक्य असेल तर तोच पहिला पर्याय. लांब पक्का खिळा बसवलेला असेल, किंवा आतली वाट तुटलेल्या सुईनं कायमची अडली असेल, तेव्हा शस्त्रक्रियेला अर्थ आहे. दाढ उभी चिरली असेल, हिरडीच्या वर टोपीला धरायला निरोगी दात उरला नसेल, किंवा हाड झिजून दाढ हलत असेल, तर मात्र चौथी नळी शोधण्यात पैसे घालू नका. मुळाच्या एकाच जागी हिरडीत खोल आणि अरुंद खिसा लागणं ही चिरेची खूण असते. ती तपासायला मिनिटभरही लागत नाही, आणि मोठा खर्च ठरवण्याआधी ती तपासलीच पाहिजे.

घरातल्या औषधांच्या पिशवीबद्दल थोडं. भारतातून आणलेली अँटिबायोटिकं दाढदुखीवर घेऊ नका. नस मेलेल्या दातात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. दुखणं दोन दिवस दबतं, रोग आत चालू राहतो. इथे ४०० मिलिग्रॅमपर्यंतचं आयबुप्रोफेन चिठ्ठीशिवाय मिळतं. पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर ते विचारल्याशिवाय घेऊ नये. रात्री किंवा रविवारी दुखलं तर प्रत्येक भागात पाळीवर असलेला दंतवैद्य असतो, त्याचा पत्ता राज्याच्या दंतवैद्य संघटनेकडे मिळतो. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर वाट न पाहता ११२ फिरवा.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाऊन दाढ करून घ्यायची, हा बेत अनेक घरांत होतो आणि तो चुकीचा नाही. एमडीएस वैद्य, मायक्रोस्कोप आणि कमी खर्च हे तिन्ही तिथे मिळतात. अडचण वेळेची असते. पहिली भेट सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत झाली नाही तर अवघड दाढ अर्धी राहते, आणि तात्पुरतं भरण घेऊन माणूस विमानात बसतो. ते भरण काही आठवड्यांचंच असतं. ते झिजलं की लाळ आत शिरते आणि सगळी मेहनत वाया जाते. टोपी जर्मनीत बसवायची असेल तर उपचार योजना आधी क्रांकेनकासेकडून मंजूर करून घ्यावी लागते. विम्याचा ठरावीक वाटा साध्या उपचाराच्या ६० टक्के असतो. बोनसहेफ्ट या तपासणीच्या वहीत सलग पाच वर्षांची तपासणी नोंदलेली असेल तर ७०, दहा वर्षांची असेल तर ७५. ही वही नव्यानं आलेल्यांनी पहिल्याच वर्षी सुरू करावी.

कुठेही उपचार घ्या, कागद आपल्याकडे ठेवा. दाताचा क्रमांक, सापडलेल्या नळ्यांची नावं आणि लांबी, आधीची आणि नंतरची चित्रं, डीव्हीटी असेल तर तिची मूळ फाइल. इथे दात दोन आकड्यांनी सांगतात. वरची उजवी पहिली दाढ १६, वरची डावी २६, खालची डावी ३६, खालची उजवी ४६. आकडे सुटे वाचतात, ‘आइन्स-झेक्स’. नोंदींची प्रत मागितली आणि पैसे मागितले गेले तर हे सांगा : जर्मनीतल्याच एका रुग्णानं आपल्या दंतवैद्याकडे नोंदी मागितल्या होत्या, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला की पहिली प्रत मोफत द्यायची आणि ती कशासाठी हवी, हेही रुग्णानं सांगण्याची गरज नाही.

दुखणं थांबलं म्हणून तपासणी टाळू नका. न सापडलेल्या नळीतला रोग वर्षानुवर्षं न दुखता वाढू शकतो आणि हाडातली सावली भरून यायलाही वेळ लागतो. युरोपीय एंडोडोंटिक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार किमान एका वर्षानंतर एक्स-रे घ्यावा, आणि सावली पूर्ण गेली नसेल तर चार वर्षांपर्यंत पाहत राहावं. पुढची भेट उपचार संपतो त्याच दिवशी नोंदवून ठेवा, आणि जाताना जुनी चित्रं बरोबर न्या म्हणजे वैद्याला शेजारी ठेवून तुलना करता येईल.